अंशतः खरे

आमदारांचे प्रश्न मी टाइप करायचो,
शेळवी बंदराच्या नाक्यावर, रवळनाथ झेरॉक्सच्या माळ्यावर,
जिथं पंख्याच्या वाऱ्यालाही सुकटीचा वास.
‘शेळवी येथील जेटीचे काम गेली नऊ वर्षे रखडले आहे,
हे खरे आहे काय?
असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’
आणि आकड्याशेजारी एक तारा.

तारांकित म्हणजे तोंडी उत्तर, मी अंतोन रापणकाराला समजावलं.
मंत्री उभे राहणार.
‘उभो रवतलो?’ तो म्हणाला. ‘मगे बरां.
हय येतत ते गाडयेतसून खाली उतरनत नाय.’

पहिलं अधिवेशन अर्थसंकल्पीय. आमचा प्रश्न एकशे बारावा.
सतराव्यावर सभागृह तहकूब.

पावसाळी लागलं तेव्हा होड्या झापांखाली,
इंजिनं घरात, पलंगाशेजारी, पाहुण्यासारखी.
मासेमारी बंद, कामकाज सुरू.
‘आमीय बसलव, तेय बसले,’
जाळ्याचं भोक शिवत कुणीतरी म्हणालं,
आणि दाताने दोरा तोडला.

हिवाळी नागपूरला.
आबा मिठबावकर स्वेटर विकत घेऊन गेले,
साठीतला पहिला.
रात्री फोन: प्रश्न आला नाही, संत्री आणतोय.

दुसऱ्या वर्षी नवाचे दहा केले. तिसऱ्या वर्षी दहाचे अकरा.
तेवढंच खोडायचो, बाकी मजकूर पाठ.
त्याच वर्षी बाकं फिरली,
डावीकडचे उजवीकडे जाऊन बसले,
बंदरांचं खातं तीन महिन्यांत दोघांकडे गेलं.
आबा होते तिथंच राहिले. का, विचारलं तर म्हणाले,
‘त्या बाकाखाली माझ्या वहाणा असतात रे.’
एकदाच बोलायला मिळालं. इतिवृत्तात आहे:

अध्यक्ष महोदय, खाडीच्या मुखाशी गाळ साचून –
(अडथळा)
अध्यक्ष महोदय, गेल्या श्रावणात दोन होड्या –
(घंटा)
मी संपवतो, महोदय, फक्त त्या दोघांची नावं –
(घंटा)

झेरॉक्सवाल्या सुहासने ते पान फुकट लॅमिनेट करून दिलं.
नावं त्यात नाहीत.
बंदरावर सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून मीही लिहीत नाही.

चौथं वर्ष संपता संपता आबा गेले,
कुडाळच्या दवाखान्यात, उशाशी पुढच्या अधिवेशनाची नोटीस.
सभागृहात शोकप्रस्ताव. सर्व सदस्य उभे.
दोन मिनिटं.
मी माळ्यावर टीव्हीसमोर घड्याळ धरून बसलो होतो:
पूर्ण दोन मिनिटं,
घंटा वाजली नाही.

मुदत वर्षाहून कमी उरली होती, पोटनिवडणूक नाही.
एक बाक रिकामं ठेवून पाचवं वर्ष चाललं.
मला सवयीने बाराचे तेरा करावेसे वाटायचे.
पण सही कुणाची घेणार?

मग मे महिन्यात, विधानसभा विसर्जित व्हायला आलेली,
टपालाने एक यादी आली. तारा गळून
आमचा प्रश्न कधीतरी अतारांकित झाला होता,
आणि छापील उत्तर, आबांच्या नावावर:
(१) अंशतः खरे आहे.
(२) प्रश्न उद्भवत नाही.

अंतोन वाचून घ्यायला आला.
वाचलं. पुन्हा वाचायला लावलं.
मग मला जेटीवर घेऊन गेला.
सुकती लागली होती. सात खांब उघडे,
वर लोखंडी सळ्या, सळ्यांवर पाणकावळे पंख वाळवत.
आम्ही बसून राहिलो. पाणी चढत गेलं.
सहा. पाच.
अंधार पडेपर्यंत तीन उरले.
‘बरोबर लिवलेला हा,’ तो म्हणाला,
‘मंत्री येवन बघून गेलो असात.’

परवा नव्या उमेदवाराचा पोरगा आला,
हातात कोरा पेनड्राइव्ह, पायात पांढरे बूट.
म्हणाला, काका, निवडून आल्यावर पहिल्याच अधिवेशनात
काहीतरी जोरदार पाहिजे.
मी जुनी फाईल उघडली.
नवाचे बारा झाले होते, बाराचे चौदा केले.
तारा लावला.
‘हे कसलं चिन्ह?’ त्याने विचारलं.
खाली अंतोन सुहासकडे सुट्टे मागत होता.
मी म्हटलं, त्याला विचार.